वाचकांचे प्रश्न : छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमला पैसे द्यायचे, पण कोणत्या दाराने?

गेल्या काही महिन्यांत जुन्या संगणकावर लिनक्स किंवा तत्सम मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम कशी बसवावी, हे विचारणारी बरीच पत्रे या सदराकडे आली. आता त्यांच्या पाठोपाठ वेगळी पत्रे येऊ लागली आहेत. सिस्टिम बसली, चालू लागली, आवडलीही. मग ती बनवणाऱ्यांना काही द्यायचे असेल तर ते कसे द्यावे, असे त्यांत विचारलेले असते. या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावांऐवजी फक्त गावे छापली आहेत.

प्रश्न (सोलापूर) : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. पुतण्याने माझ्या बारा वर्षे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घालून दिले आणि तो नव्यासारखा चालू लागला. एक रुपयाही द्यावा लागला नाही, याचा संकोच वाटतो. पण जे स्वतःहून फुकट वाटतात त्यांना पैसे लागतात तरी कशाला? आणि माझे हजार-दोन हजार रुपये नेमके कशावर खर्च होतील?

उत्तर : आपण हिशेबातले जाणकार आहात, म्हणून त्याच भाषेत सांगतो. सॉफ्टवेअरची दहा हजारावी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून ती फुकट वाटता येते. खर्च येतो तो पहिली प्रत धड ठेवण्याचा. ऑपरेटिंग सिस्टिम एकदा लिहून हातावेगळी होत नाही. तिच्यात सुरक्षेची भोके सतत सापडत राहतात, ती बुजवावी लागतात, त्यानंतर शेकडो पॅकेजे, म्हणजे सिस्टिमचे सुटे प्रोग्राम, पुन्हा कंपाइल करून तपासावी लागतात, आणि ती आपल्याला रात्री-अपरात्री उतरवून घेता यावीत म्हणून कोणाचे तरी सर्व्हर चोवीस तास चालू ठेवावे लागतात. प्रोग्रामर आपल्या वेळेचे पैसे घेत नसेल, पण वीज कंपनी घेते.

ही केवळ बोलण्याची पद्धत नव्हे. थिओ डी राट यांनी १९९५ साली नेटबीएसडी या मुक्तस्रोत सिस्टिमपासून वेगळी काढलेली ओपनबीएसडी ही सिस्टिम सुरक्षिततेसाठी जगभर नावाजलेली आहे. तिचे काम कॅनडातल्या कॅल्गरी शहरातून चालते. ती ज्या यंत्रांवर बांधून तपासली जात असे, ती यंत्रे एखाद्या चकचकीत डेटा सेंटरमध्ये नव्हती, तर डी राट यांच्या घराच्या तळघरात रॅकवर मांडलेली होती. त्यांत इंटेलच्या यंत्रांबरोबर निरनिराळ्या घडणीच्या प्रोसेसरांची जुनी यंत्रेही होती. इंटेलवर वर्षानुवर्षे दडून राहणारी चूक वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरवर पहिल्याच दिवशी उघडी पडते, असा त्या मंडळींचा अनुभव असल्यामुळे ही जुनी यंत्रे मोडीत काढायला ते तयार नव्हते. पण जुने यंत्र काम कमी आणि वीज जास्त, असा प्रकार असतो. वर्षाचे विजेचे बिल २०,००० डॉलरच्या घरात गेले, आणि जानेवारी २०१४ मध्ये ओपनबीएसडी फाउंडेशनला जाहीरपणे सांगावे लागले की हे बिल भरण्याची सोय झाली नाही तर प्रकल्प बंद करावा लागेल. त्यावर रोमानियातल्या एका बिटकॉइन व्यावसायिकाने २०,००० डॉलर दिले, आणि त्यापाठोपाठ सामान्य वापरकर्त्यांच्या छोट्या देणग्यांची रीघ लागली. याच मंडळींनी १९९९ साली काढलेले ओपनएसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून घेण्याचे साधन, त्या वेळी जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर चालत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या बिलाची गोष्ट जास्तच बोचते.

वीज आणि सर्व्हर यांच्या खालोखाल पैसे जातात ते माणसे एकत्र आणण्यावर. जगभर विखुरलेले प्रोग्रामर वर्षातून एक-दोनदा आठवडाभर एका खोलीत बसले की महिनोन्महिने ई-मेलवर अडलेली कामे सुटतात. त्यांच्या प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे फाउंडेशन देते. त्यानंतर, जमलेच तर, एखाद्याचा पगार.

आता आपले मिंट. ते या जगातले त्यातल्या त्यात सुस्थितीतले घर आहे, आणि त्यांचा एक रिवाज मला फार आवडतो : दर महिन्याच्या वार्तापत्रात ते मागच्या महिन्यात एकूण किती रक्कम आली आणि किती जणांनी दिली ते प्रसिद्ध करतात, देणगीदारांची नावेही छापतात. गणेशोत्सवात मंडपाबाहेर वर्गणीदारांचा फलक लागतो तसेच ते. मात्र मिंट उबुंटूवर उभे आहे आणि उबुंटू डेबियनवर, हे ध्यानात ठेवून आपल्या दोन हजारांतले काही डेबियनच्या वाट्याला द्यावेत असे मी सुचवीन. डेबियन ही स्वतः नोंदणीकृत संस्था नाही. अमेरिकेत तिच्या वतीने पैसे सांभाळण्याचे काम १९९७ साली स्थापन झालेली ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही संस्था करते, तेव्हा पावतीवर भलतेच नाव दिसले म्हणून दचकू नये.

रक्कम लहान असल्याचा संकोच तर मुळीच नको. अमेरिकेतल्या सार्वजनिक धर्मादाय संस्थेला आपला दर्जा टिकवण्यासाठी, ढोबळमानाने, एक तृतीयांश आधार सर्वसामान्य जनतेकडून येतो हे दाखवावे लागते, आणि त्या हिशेबात एकाच धनवंताची मोठी रक्कम पूर्ण धरली जात नाही. फ्रीबीएसडी या आणखी एका मुक्तस्रोत सिस्टिमच्या फाउंडेशनला व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक यान कूम यांनी २०१४ साली दहा लाख डॉलर दिले. अशी देणगी आली की संस्थेला पैशाची ददात राहत नाही, पण तिच्या हिशेबनीसाला दहा-वीस डॉलर देणाऱ्यांची रांग आधीपेक्षा अधिक हवीशी वाटू लागते.

प्रश्न (पुणे) : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. नुसते पैसे पाठवण्यापेक्षा प्रकल्पाचा टी-शर्ट, स्टिकर किंवा डीव्हीडी विकत घेतली तर मदतही होईल आणि वस्तूही मिळेल. हे योग्य का?

उत्तर : वस्तू हवी असेल तर वस्तू घ्यावी, मदत करायची असेल तर पैसे द्यावेत. दोन्ही एकाच खरेदीत साधेल, या भरवशावर मात्र राहू नये.

स्लॅकवेअर हे १९९३ पासून चालू असलेले, आज हयात असलेल्यांतले सर्वांत जुने लिनक्स वितरण, म्हणजे बसवायला तयार असा लिनक्सचा संच. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी ते सुरू केले आणि आजही मुख्यतः तेच सांभाळतात. त्यांचे चाहते कट्टर. डीव्हीडीची गरज उरली नव्हती तेव्हाही, पॅट्रिकला चार पैसे मिळावेत म्हणून ते प्रत्येक आवृत्तीची डीव्हीडी ऑनलाइन दुकानातून मागवत. २०१८ च्या जुलैमध्ये स्वतः व्होल्कर्डिंग यांनीच सांगितले की दुकान चालवणारी संस्था वेगळी आहे, तिच्यातली मोठी मालकी दुसऱ्यांकडे आहे, आणि त्या विक्रीतून आपल्या हाती बराच काळ काहीच आलेले नाही. घराच्या दुरुस्तीलासुद्धा पैसे नाहीत अशी त्यांची अवस्था होती. इतकी वर्षे निष्ठेने खरेदी करणाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करावी. त्यानंतर त्यांनी थेट देणगीची सोय केली, पुढे पेट्रिऑन या चाहत्यांकडून वर्गणी घेण्याच्या संकेतस्थळावर मासिक वर्गणीचीही, आणि दुकानातून जे वर्षानुवर्षे पोहोचले नव्हते ते थोड्याच दिवसांत थेट पोहोचू लागले.

वस्तूविक्रीतून प्रकल्प कधीच चालले नाहीत असे नाही. ओपनबीएसडीच्या सीडींचे संच, त्यांवरच्या खास चित्रांसह, वर्षानुवर्षे विकले गेले आणि कामाला त्यांचा खराखुरा आधार होता. पण लोकांच्या संगणकांतून सीडीचा खणच नाहीसा झाला; २०१६ साली आलेली ६.० ही सीडीवर मिळालेली शेवटची आवृत्ती ठरली.

टी-शर्टबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पाचा टी-शर्ट हौसेने मागवला. शर्टाची किंमत, तितकेच टपाल, आणि पार्सल सोडवताना सीमाशुल्क व हाताळणीचा आकार धरून जी बेरीज झाली, तिचा किती भाग प्रकल्पाकडे गेला असे मी नंतर विक्रेत्याला विचारले, तेव्हा उत्तर आले, दोन डॉलर. शर्ट पहिल्या धुण्यात आटला. आता तो धाकट्या भाचीकडे आहे. खरेदी करण्याआधी दुकानाच्या पानावर ‘प्रत्येक विक्रीमागे प्रकल्पाला इतके’ असे लिहिलेले आहे का, एवढे पाहावे. लिहिलेले नसेल तर विचारावे.

प्रश्न (सांगली) : मी दहा डॉलरची देणगी देण्यासाठी डेबिट कार्डाचा क्रमांक भरला, पण ‘व्यवहार नाकारला’ असे आले. खात्यात पैसे आहेत. शाखेत विचारले तर परदेशी संस्थेला देणगी देता येत नाही असे सांगण्यात आले. हे खरे आहे का? आणि या देणगीवर प्राप्तिकरात सूट मिळते का?

उत्तर : शाखेत सांगितलेले खरे नाही. भारतातल्या निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि देणगी हा त्यातला मान्य हेतू आहे. विदेशी देणगीविषयीच्या कायद्याचे नाव ऐकून पुष्कळांचा, बँकेत बसलेल्यांचासुद्धा, गोंधळ होतो. तो कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या देणग्यांविषयी आहे, इथून जाणाऱ्या दहा डॉलरविषयी नाही.

कार्ड नाकारले जाण्याचे कारण बहुधा साधे असते. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशापासून नवे कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू करून दिले जाते आणि परदेशी ऑनलाइन व्यवहाराची कळ ग्राहकाने स्वतः उघडावी लागते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या नियंत्रणाखाली ‘आंतरराष्ट्रीय वापर’ असे असेल. ते चालू करावे, मर्यादा दोन-तीन हजारांची ठेवावी, देणगी द्यावी आणि कळ पुन्हा बंद करावी. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचे असेल तर काम सुकर होते. बहुतेक परदेशी देणगी-पानांना यूपीआय ठाऊक नाही.

दरमहा आपोआप पैसे वळते करण्याची सोय मात्र आपल्याकडे डोकेदुखी ठरते. १ ऑक्टोबर २०२१ पासून आवर्ती व्यवहारासाठी आधी नोंदणी आणि प्रत्येक वजावटीच्या चोवीस तास आधी सूचना हे बंधनकारक झाले. नियम ग्राहकाच्या हिताचा आहे, पण अनेक परदेशी संकेतस्थळांची त्याच्याशी जुळणी झालेली नसल्यामुळे दुसऱ्या महिन्याची वर्गणी मुकाट्याने अडते आणि देणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून भारतातून देणाऱ्याने वर्षातून एकदा द्यावे, असे माझे मत आहे. शुल्काचा हिशेबही तेच सांगतो. समजा, पैसे स्वीकारणारी मधली कंपनी प्रत्येक व्यवहारामागे ३० सेंट आणि वर ३ टक्के घेते. दरमहा एक डॉलर असे बारा वेळा दिले तर प्रकल्पाला जेमतेम आठ डॉलर मिळतात. तेच बारा डॉलर एकदम दिले तर अकरा डॉलर ३४ सेंट मिळतात. आपल्या बाजूनेही बँक चलनबदलाचे शुल्क घेते. ते साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे धरले, आणि सोयीसाठी डॉलरचा भाव ८५ रुपये मानला, तर २५ डॉलरच्या देणगीचे २,१२५ ऐवजी सुमारे २,२१३ रुपये खात्यातून जातील.

करसवलतीचे उत्तर एका ओळीचे आहे. कलम ८०जीची सूट भारतात मान्यता मिळालेल्या संस्थांनाच लागू असल्याने परदेशी फाउंडेशनला दिलेल्या पैशावर ती मिळत नाही, आणि आपण नवी करप्रणाली निवडली असेल तर ती सूट तशीही उपलब्ध नाही.

प्रश्न (ठाणे) : मी हौसेने हायकू ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो. माझ्या लॅपटॉपची वाय-फाय चिप तीत चालत नाही. जो कोणी तिचा ड्रायव्हर लिहील त्याला पाच हजार रुपये देईन, असे जाहीर केले तर काम होईल का?

उत्तर : बहुधा होणार नाही, आणि त्यात लिहिणाऱ्याच्या लोभाचा प्रश्न नाही. वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिम आणि चिप यांच्यातला दुभाषा प्रोग्राम, हे जाणत्या माणसाचे काही आठवड्यांचे, कधी काही महिन्यांचे काम असते. ती नेमकी चिप त्याच्यासमोर टेबलावर असावी लागते. आणि लिहून झाल्यावरही सिस्टिमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो सांभाळावा लागतो. बक्षीस पहिल्या दिवसाचे असते, सांभाळण्याचे नसते. त्यामुळे बक्षिसाच्या कामांत अर्धवट सोडलेल्यांची संख्या नेहमीच मोठी असते.

पुष्कळांनी मिळून एकाच ध्येयासाठी रक्कम जमवावी, हा त्याचाच थोरला अवतार. विंडोजचे प्रोग्राम चालवू शकणारी मुक्त सिस्टिम घडवू पाहणाऱ्या रिॲक्टओएसने २०१४ च्या सुमारास किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १,२०,००० डॉलरचे आवाहन केले. तिथला नियम ‘सगळे किंवा काहीच नाही’ असा आहे. आकडा गाठला गेला नाही, आणि लोकांनी कबूल केलेले हजारो डॉलर त्यांना मिळालेच नाहीत. त्याच वर्षी त्यांनी जमेल तेवढे पदरात पाडून देणाऱ्या दुसऱ्या संकेतस्थळावर लहान उद्दिष्ट ठेवून पुन्हा प्रयत्न केला. अशा आवाहनात भाग घ्यायचा तर आधी नियम कोणता आहे ते वाचावे, कारण किकस्टार्टरसारख्या ठिकाणी शेवटच्या आठवड्यात दिलेले पाचशे रुपये निर्णायक ठरू शकतात.

आपल्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो मला विशेष वाटतो. हायकू ही २००१ साली बीओएस या बी कंपनीच्या जुन्या सिस्टिमच्या चाहत्यांनी सुरू केलेली सिस्टिम. त्या कंपनीची मालमत्ता पाम या हातसंगणकांच्या कंपनीने विकत घेतली आणि बीओएसचा धागा तुटला, तो पुन्हा जोडण्यासाठी. तिच्यातले वाय-फायचे बहुतेक ड्रायव्हर हायकूवाल्यांनी मुळापासून लिहिलेले नाहीत. ते फ्रीबीएसडीतून आणि अलीकडे ओपनबीएसडीतूनही घेऊन एका जुळवणी-थरावर बसवलेले आहेत. म्हणजे आपली चिप हायकूत चालायला हवी असेल, तर आधी ती फ्रीबीएसडी किंवा ओपनबीएसडीत चालते का ते पाहावे. चालत नसेल तर आपले पाच हजार तिकडच्या फाउंडेशनला देणे जास्त उपयोगाचे. इंटेलच्या चिपांच्या वाय-फाय ड्रायव्हरचे काम फ्रीबीएसडी फाउंडेशनने पैसे देऊन करून घेतले आहे. ओढ्याला पाणी हवे असेल तर झऱ्याकडची वाट मोकळी करावी लागते, तसे काहीसे.

आणि चालत असेल, फक्त हायकूपर्यंत पोहोचायचे राहिले असेल, तर पैसे हायकूला द्यावेत. हायकू इन्कॉर्पोरेटेड ही अमेरिकेतली ना-नफा संस्था वर्षानुवर्षे लहानसहान देणग्या साठवत आली, संकेतस्थळावर वर्षाचे उद्दिष्ट आणि जमलेली रक्कम उघडपणे दाखवत आली, आणि २०२१ साली तिने एका प्रोग्रामरला पूर्णवेळ कराराने नेमले. एकेका कामाला बक्षीस लावून जे सुटले नव्हते, असे कितीतरी कंटाळवाणे दोष त्यानंतर मार्गी लागले. कारण पगारी माणसाला कंटाळवाण्या कामाकडेही बघावे लागते. माझ्या मते छोट्या सिस्टिमच्या बाबतीत पैशाचा याहून चांगला वापर नाही.

प्रश्न (न्यू जर्सी) : मी गेली पंधरा वर्षे अमेरिकेत आहे. माझी कंपनी कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालते. मला ओपनबीएसडीला द्यायचे आहे, पण कंपनीच्या यादीत ते नाव सापडत नाही.

उत्तर : सापडणार नाही. ओपनबीएसडी फाउंडेशन २००७ मध्ये कॅनडात स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे, पण ती धर्मादाय म्हणून नोंदलेली नाही. खुद्द कॅनडातल्या देणगीदारालाही तिच्या पावतीवर करसवलत मिळत नाही. अमेरिकी कंपन्या जोडदेणगी देताना बहुधा ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय, दर्जाची संस्था मागतात. तो दर्जा फ्रीबीएसडी फाउंडेशन, नेटबीएसडी फाउंडेशन आणि हायकू इन्कॉर्पोरेटेड या तिघींकडे आहे. मी आपल्या जागी असतो तर कंपनीच्या योजनेतून शंभर डॉलर फ्रीबीएसडी किंवा नेटबीएसडीला देऊन त्याचे दोनशे करून घेतले असते, आणि ओपनबीएसडीला वेगळे पन्नास, सवलतीची आशा न ठेवता, स्वतःच्या खिशातून दिले असते. या तिन्ही बीएसडी एकमेकींकडून ड्रायव्हर आणि दुरुस्त्या सतत घेत असतात, तेव्हा दुसऱ्या दारातून दिलेले अगदीच परक्या घरी जात नाही. नेटबीएसडी त्यांत सर्वांत लहान. तिथे शंभर डॉलर उठून दिसतात.

प्रश्न (पणजी) : आमच्या पंधरा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीचे फायरवॉल ओपनबीएसडीवर आणि बहुतेक कंटेनर (प्रोग्राम बंदिस्तपणे चालवण्याचे डबे) अल्पाइन लिनक्सवर चालतात. वर्षाला पन्नास हजार रुपये द्यायची आमची तयारी आहे. अकाउंटंट म्हणतात, देणगीला बिल नाही, खर्च दाखवायचा कसा? सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) बसेल का?

उत्तर : सीएसआरमध्ये बसणार नाही. एक तर ते बंधन ठरावीक उलाढालीच्या, नक्त मूल्याच्या किंवा नफ्याच्या वरच्या कंपन्यांना आहे, आणि दुसरे म्हणजे भारताबाहेर केलेला उपक्रम त्या नियमांत धरला जात नाही. आधीच्या उत्तरातली विप्रेषण योजनाही व्यक्तींसाठी आहे, कंपन्यांसाठी नाही. तेव्हा ‘देणगी’ या शब्दाचा आग्रह सोडावा, हे बरे.

कंपनीला बिल लागते, तर बिल मिळेल अशा रीतीने द्यावे. अल्पाइनसारखे बरेच प्रकल्प ओपन कलेक्टिव्ह या निधी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर आहेत. तिथे त्यांच्या वतीने पैसे सांभाळणारी संस्था प्रायोजकत्वाचे रीतसर बिल देते आणि जमाखर्च कोणालाही उघडून पाहता येतो. दुसरा मार्ग काम विकत घेण्याचा. ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी या दोन्ही प्रकल्पांच्या संकेतस्थळांवर सल्लागार व व्यावसायिक मदत देणाऱ्यांची यादी असते. त्यांतल्या एखाद्या प्रत्यक्ष विकासकाकडून वर्षातून एकदा आपले फायरवॉल तपासून घ्यावे आणि त्याचे बिल चुकते करावे. कंपनीला काम मिळते, अकाउंटंटना कागद मिळतो, आणि त्या माणसाला उरलेला वेळ प्रकल्पाला देणे परवडते. परदेशी रक्कम पाठवतानाची करकपात आणि प्रमाणपत्रे यांविषयी चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घ्यावाच लागेल.

पैशाऐवजी वस्तुरूपातही देता येते. २०२५ च्या सुरुवातीला अल्पाइनला आपले सर्व्हर हलवण्याची वेळ आली, कारण त्यांना फुकट यंत्रे पुरवणारी कंपनी ती सेवाच बंद करत होती. आपल्यासारख्या अनेक कंपन्यांचे कंटेनर ज्या पॅकेजांवर रोज उभे राहतात, ती पॅकेजे ठेवायची कुठे असा तो प्रश्न होता. आपल्याकडे सर्व्हर आणि भरवशाची जोडणी शिल्लक असेल तर अशा प्रकल्पाला विचारून पाहावे.

मोठ्यांनी दिलेच नाही असे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ओपनबीएसडी फाउंडेशनला भरघोस रक्कम दिली. विंडोजमध्ये ओपनएसएसएच आणण्याचे काम त्याच वेळी चालू होते, हा काही योगायोग नव्हे. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. त्यात अर्ज करण्यासाठी प्रकल्पाने आपली पैशाची गरज एका ठरावीक नमुन्याच्या फाइलमध्ये मांडून प्रसिद्ध करायची असते. भारतीय कंपनी हे करू शकते, एवढे आपल्या अकाउंटंटना दाखवायला हे उदाहरण पुरेसे आहे.

प्रश्न (नाशिक) : काही सिस्टिम एकट्या माणसाच्या असतात. अशा व्यक्तीला पेट्रिऑनवर पैसे द्यावेत का? तो उद्या सोडून गेला तर?

उत्तर : जाऊ शकतो, आणि त्याला तो हक्क आहे. स्वीडनचे आंद्रेआस क्लिंग यांनी २०१८ साली व्यसनमुक्तीनंतरचा रिकामा वेळ भरून काढण्यासाठी सेरेनिटीओएस लिहायला घेतले. लोकांनी इतके भरभरून दिले की २०२१ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ त्यावर काम करू लागले. २०२४ मध्ये ते सिस्टिम इतरांच्या हाती सोपवून तिच्यातूनच निघालेल्या लेडीबर्ड या ब्राउझरकडे वळले. सिस्टिम बंद पडली नाही, इतर मंडळी ती चालवत आहेत. तरी ज्यांनी केवळ सिस्टिमसाठी दिले होते त्यांतल्या काहींना हळहळ वाटली असणार. व्यक्तीला दिलेले पैसे हे झालेल्या आणि होत असलेल्या कामाबद्दल असतात, पुढच्या दहा वर्षांच्या वचनाबद्दल नसतात, हे मनाशी ठरवून द्यावे. कायम सोबतीची हमी हवी असेल तर संस्था असलेला प्रकल्प पाहावा. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली जाणारी रेडॉक्स हीदेखील एका माणसाने सुरू केलेली सिस्टिम, पण तिने पुढे ना-नफा संस्था नोंदवली आणि देणग्यांतून विद्यार्थ्यांना उन्हाळी विद्यावेतने दिली.

देणाऱ्यांचे प्रमाण किती कमी असते, याचा एकच आकडा देतो. एलिमेंटरी ओएस या लिनक्स वितरणाने २०१५ साली सांगितले होते की ‘हवे तेवढे द्या’ असे विचारूनही ९९.८७५ टक्के लोक काही न देता सिस्टिम उतरवून घेतात. म्हणजे आठशे जणांमागे देणारा एक. फुकट घेणाऱ्यांविषयी त्या मंडळींनी तेव्हा जरा कडक शब्द वापरला, त्यावर वादळ उठले आणि शब्द बदलावा लागला. आकडा होता तोच राहिला.

प्रश्न (रत्नागिरी) : पैसे नाहीत, पण तीन जुने लॅपटॉप पडून आहेत. ते कोणत्या प्रकल्पाला पाठवता येतील?

उत्तर : न विचारता पाठवू नयेत. ओपनबीएसडीसारखे प्रकल्प हव्या असलेल्या यंत्रांची यादी ठेवतात, आणि त्या यादीत कोणत्या देशातल्या कोणत्या विकासकाला नेमके काय हवे तेही असते. आपल्या लॅपटॉपचे मॉडेल त्यात नसेल तर कुरियरचा आणि सीमाशुल्काचा खर्च यंत्राच्या किमतीहून जास्त होईल. त्यापेक्षा ते जवळच्या शाळेला द्यावेत, आणि देण्याआधी त्यांवर मिंट बसवून, प्रत्येकाचा वाय-फाय व आवाज चालतो ना, ते तपासून घ्यावे.